शामलाबाईंचे फर्मान आणि वैशाखातली बँडाची मोहीम

प्रथम नमन विघ्नहर्त्यासी, मग नमन सरस्वतीसी, आणि मग नमन त्या गालांसी, जे फुगल्यावाचून कॉर्नेटातून नाद निघत नाही. शके एकोणीसशे, कालयुक्त नाम संवत्सर, चैत्र-वैशाखाचे ठायी नागपूर मुलखात जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहिले आहे. पदरचे घातले नाही. जेथे आमची माणसे पळाली तेथे पळाली असेच लिहिले, माघार घेतली म्हणोन लिहिले नाही. वाचणाराने हसावे हे मुनासिब, परंतु मामला हलका समजू नये, कारण या मोहिमेत एका सज्जनाचे लग्न पणास लागले होते.

नागपुरी जुन्या मंगळवारी पेठेत राजश्री मारोतराव सायकलबहादर म्हणोन नामांकित पुरुष होते. घराणे मूळ कोष्ट्याचे, परंतु वडील बाबाराव यांनी माग मोडून सायकलीचे दुकान मांडिले, तेथून पंक्चरची गादी चालत आली. या पुरुषास विडी नाही, पत्ते नाही, एकच व्यसन, ते बँडाचे. रस्त्याने वरात चालली म्हणजे हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच बुडबुडत सोडून खासे उठत आणि वरातीत शिरत. गिऱ्हाईक ओरडे, माही सायकल! तर मागे पाहणे नाही.

पदरी दोन सरदार. एक नत्थूजी बिनीवाले, टेलरिंगच्या दुकानी काज-बटण करणारे, अंगाने सुतळीसारखे, बुद्धीने कात्रीसारखे. दुसरे धोंडबा गजदळ. हे काय करीत याचा पक्का पत्ता लागत नाही, परंतु करीत ते बसून करीत. बँड लागला म्हणजे मात्र हे एवढे शरीर असे नाचे की जवळचे म्हातारे पोरांना उचलून घेत.

आता त्या काळी गाण्याचे जलसे तिकिटाने होत, परंतु बँड ऐकावा तर दुसऱ्याच्या लग्नावाचून इलाज नव्हता. यास्तव तिघांनी रीत बांधिली होती. धुतलेला सदरा घालावा, कपाळी गुलाल लावावा, बँडाच्या डाव्या अंगाने चालावे, आणि पंगत बसली की निघावे. पंगतीस बसणे हराम, कारण आपण कानाचे चोर, पोटाचे नाही, ऐसा मारोतरावांचा कौल. धोंडबास हा कौल फार जड जाई, परंतु इमान राखून होता.

मग मारोतरावांचे लग्नाची बोलणी निघाली आणि उमरेडचे एक स्थळ आले. मुलगी शामलाबाई, आईबाप नाहीत, आत्या यमुताई हिने वाढविली, दोघी मिळून घरी हातमाग चालवीत. चैत्रात एके दिवशी बाबाराव, मारोतराव आणि नत्थूजी एसटीत बसोन उमरेडास दाखल जाहले. पोहे झाले, चहा झाला, आणि मग रिवाजाप्रमाणे बाबारावांनी मुलीस पुसिले की बाई, तुले काही पुसाचं हाय का? हा सवाल पुसण्याचा रिवाज आहे, उत्तर देण्याचा नाही. परंतु शामलाबाईंनी मान वर केली.

"वरातीले बँड कोनता राहीन जी?"

बाबाराव खूष होऊन बोलिले, "विजयानंद दरबार ब्रास बँड. माह्या लग्नात बी तोच होता."

"मानसं बी तेच हायेत का?"

"तेच हायेत."

"मंग म्हनूनच," शामलाबाई बोलिल्या.

यमुताईंनी डोळे मोठे केले. "पोरी, गप वं."

"आत्या, त्यायनच पुसलं. मागच्या साली शेजारच्या लग्नात तोच बँड आलता. मी मागावर बसली होती, पाय पावडीवर. अन् त्यायचा ढोल कुठं पडन याचा काही नेम नाही. माहे तीन तार तुटले. पदराले गाठी पडल्या तं गाठीच पडल्या."

येथे खुलासा करणे जरूर. कोष्टीण मागावर बसते तेव्हा पाय खाली पावड्यांवर चालतात, एक दाबली की धागे उघडतात, धोटा जातो, मग दुसरी. हे पायांचे चालणे तालावर असते. शामलाबाईंचे घर वरातीच्या रस्त्यावर. लहानपणापासून जो जो बँड बाहेरून गेला तो तो त्यांच्या पायात शिरला. बँड बरा असला तर त्या दिवशीचे लुगडे नदीसारखे उतरे. बँड बिघडलेला असला तर तार तुटे. ऐसे करता करता ही बाई घराबाहेर न पडता बँडांची मोठी पारखी जाहली होती, आणि हे तिच्या आत्यासही ठाऊक नव्हते.

मग शामलाबाईंनी फर्मान काढिले, ते अक्षरशः असे: "ज्या बँडानं माहे पाय आपल्या मनानं उठतीन, त्या बँडाच्या नवरदेवाले मी माळ घालीन. नाही तं मी मागावरून उठनारच नाही."

बाबारावांनी चहाची बशी खाली ठेविली. यमुताईंनी पदर तोंडास लाविला. आणि मारोतराव, जे आजवर बशीतले शेंगदाणे वेचीत बसले होते, त्यांनी प्रथमच मान वर करून मुलीकडे पाहिले, आणि नत्थूजीचे लिहिणे-बोलणे ऐसे आहे की ते पाहणे पुन्हा खाली आले नाही.

परतीच्या एसटीत मोठे खलबत जाहले. बाबारावांचे म्हणणे जे, नवरी मुलगी बँड ठरवते हे सात पिढ्यांत ऐकले नाही, आणि विजयानंदास सुपारी दिली ती दिली. मारोतराव बोलिले, "मंग मी बी घोडीवर चढनार नाही."

"घोडीवर नाही तं काय सायकलवर जाशीन बे?"

"पायी जाईन. पर त्या बँडामांगं नाही."

नागपूरच्या वेशीवरची दिघोरी येईपर्यंत बाबाराव बोटांवर सुपारीचे पैसे मोजीत राहिले. मग हुकूम केला की अक्षय्य तृतीयेपावेतो मुदत आहे. त्याआत विजयानंदाहून सरस बँड आणून दाखवाल तर सुपारी परत घेऊ. न आणाल तर विजयानंद, आणि मग पोरगी उठो की न उठो.

मुदत बांधिली आणि मोहीम सुरू जाहली.

पहिले नागपूर शहर चाळिले. बर्डीकडील एका बँडाचा लिबास उत्तम, खांद्यावर सोनेरी झालरी, परंतु आत सूर नाही. मारोतरावांनी निवाडा दिला की हा पाहण्याचा बँड आहे, ऐकण्याचा नाही. इतवारीतला दुसरा बरा, परंतु त्याचा झांजवाला पेठेतला, रस्त्यात ओळखीचा दिसला म्हणजे रामराम करी, आणि रामरामास हात उचलला की झांज पडत नसे, आणि त्याची ओळख फार. सक्करदऱ्याचा तिसरा तर नामी होता. तिघांची छाती भरून आली. मग नवरदेवाची घोडी पुढे आली आणि क्लॅरनेटवाल्यास शिंका सुरू जाहल्या. घोडी दूर नेली की सूर, जवळ आणिली की शिंक. नवरदेवाचा काका बोलिला, नवरदेव उतरवा पण बँड चालू द्या. तेवढी तयारी मारोतरावांचीही नव्हती.

वैशाख लागला. ऊन असे की डांबराला चप्पल चिकटे. मग बातमी आली की कळमेश्वरास एका मातबर लग्नात उत्तम बँड येणार. फौज तयार जाहली, परंतु धोंडबाचा धुतलेला सदरा फाटला, कारण तो एकच होता आणि मोहीम लांबली होती. तेव्हा नत्थूजीने मसलत काढिली. दुकानात एक रेशमी जाकीट शिवून तयार टांगले होते. गिऱ्हाईक न्यायला आले नव्हते. पोटाचा घेर इतका मोठा की सबंध नागपुरात ते धोंडबासच होईल. "एक दिवस घाल, उद्या इस्त्री करून टांगू," ऐसे बोलून नत्थूजीने ते धोंडबाच्या अंगी चढविले, आणि धोंडबा त्यात असा शोभला की स्वतःशीच अदबीने चालू लागला.

कळमेश्वरी बँड खरेच वाजू लागला होता. अर्धे गाणे झाले असेल. मारोतरावांनी डोळे मिटले. इतक्यात नवरीकडील एका गृहस्थाने धोंडबास हात जोडून पुसिले, "तुमी कोनाकडचे जी? नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

या सवालाची तजवीज तिघांनी कधी केली नव्हती. धोंडबा घाबरून बोलिला, "नवरदेवाकडचे."

गृहस्थाने जाकिटाकडे पाहिले. "मंग मामा तुमीच?"

धोंडबाने जन्मात कोणास नाही म्हटले नव्हते. बोलिला, "हो."

तेणेकरून गहजब जाहला. मामा आले, मामा आले, म्हणोन पाट मांडिला, पाय धुतले, गळ्यात हार घातला, खांद्यावर शेला घातला, आणि नवरीच्या मामाने कडकडून भेट घेतली. वाजंत्री थांबवून लोक धोंडबाकडे पाहू लागले. मारोतरावांनी दुरून हातवारे केले की पळ. परंतु पाय परातीत, पळावे कसे? इतक्यात मांडवाचे दारी एक तितकाच भारदस्त पुरुष जुन्या सदऱ्याने, घामाघूम, टेलरच्या नावाने बोटे मोडीत आला. तो खरा मामा. त्याची नजर धोंडबावर पडली.

"हे जाकीट माहं हाय!"

"कायवरून?" नवरीकडचे पुसते जाहले.

"कायवरून म्हंजे? त्यातलं पोट बी माह्याच मापाचं हाय!"

मग आमची माणसे पळाली. धोंडबाने पळता पळता जाकीट काढून मागे टाकिले, शेला टाकिला, हार मात्र गळ्यातच राहिला, आणि डावी चप्पल परातीशी राहिली ती कायमची.

गावाबाहेर निंबाखाली दम घेत होते तेथे तोच बँड विसाव्यास आला, कारण मांडवात भांडण लागल्याने वाजविणे बंद जाहले होते. त्यांचा म्होरक्या, कॉर्नेट पुसत, पुसता जाहला की मामा, तुमी पळून काहून आले? तेव्हा मारोतरावांनी लपविले नाही. साफ सांगितले की आम्ही कोणाचेच कोणी नाही, तुमचा बँड ऐकावयास आलो.

"लग्नाले नाही?"

"नाही."

"जेवाले बी नाही?"

"नाही," धोंडबा बोलिला, आणि त्याचा आवाज जरा कातर जाहला.

म्होरक्याने कॉर्नेट मांडीवर ठेविले. मग बोलिला, "मंग आमच्यात नका अटकू. पारशिवनीले जा. रामाजीचा बँड आयका. आमी वाजवतो तं लोकं पुसतात पंगत कवा बसते. रामाजी वाजवते तं लोकं पंगत विसरतात."

आणि दुसरे दिवशी कूच जाहले पारशिवनीस.

रामाजीच्या बँडाची कुळकथा तेथील लोकांनी सांगितली ती अशी. ही सारी शेतकरी माणसे. पेंचच्या जंगलातून रानडुकरे पिकात शिरत, त्यांस पळविण्यास ही मंडळी बांधावर बसोन डबे वाजवीत. डब्यांवरून डफड्यावर आली, डफड्यावरून कॉर्नेटावर. वाजविता वाजविता हात इतका सुधारला की डुकरे पळेनात. बांधावर ओळीने उभी राहोन ऐकू लागली. एका साली ज्वारी पुरी गेली आणि बँड मात्र पुरा तयार जाहला. मग रामाजीने विचार केला की डुकरे ऐकतात तर माणसेही ऐकतील.

त्या संध्याकाळी गावात लग्न होते. सात माणसे, अंगावर घरचेच कपडे, मोठ्या बाजास झाळलेले ठिगळ, आणि पुढे रामाजी, सुकलेल्या शेंगेसारखा मनुष्य, ओठी क्लॅरनेट. वाजविणे सुरू जाहले. मग काय लिहावे? नत्थूजीच्या डोळ्यास पाणी आले आणि तो म्हणाला धूळ गेली. धोंडबाचे शरीर मालकास न पुसता नाचू लागले, एका पायी चप्पल, एक पाय अनवाणी. मारोतराव मात्र ढोलाच्या बाजूस उभे राहून स्वतःच्या पायांकडे पाहत होते, आणि मनात म्हणत होते, हे पाय उठले, तिचे उठतील का?

सुपारी झाली. रामाजीने एकच शर्त घातली. "आमाले लिहिता-वाचता येत नाही गा. आमी आयकूनच शिकलो. वाटेत दुसरा कोनी चांगला वाजवत असन तं आमी थांबून आयकतो. आयकू देसान तं येतो."

मारोतराव बोलिले, "हे तं लाख बोललात रामाजी! थांबा ना, कितीक थांबा."

ही शर्त इतक्या खुशीने कबूल केली त्याचा परिणाम पुढे येईल.

अक्षय्य तृतीयेस रामाजी जुन्या मंगळवारीत हजर जाहला आणि दुकानापुढे एक चीज वाजविली. बाबाराव आत हिशेबाचे नाटक करीत बसले होते. चीज संपली. बाहेर येऊन एवढेच बोलिले, "ठीक हाय." विजयानंदाची सुपारी परत आली.

लग्नाचा दिवस आला. गोरज मुहूर्त. मांडव उमरेडास कोष्टीपुऱ्यात यमुताईंचे दारी. नवरदेव मारोतराव घोडीवर, डोईस सेहरा, पुढे रामाजीचा बँड, मग धोंडबा, मग नत्थूजी, मग सारी जुनी मंगळवारी, मागे बाबाराव टोपी सरळ करीत. वरात उमरेडच्या चौकात आली. येथून मांडव दोन हाका दूर. आणि त्याच चौकात दुसऱ्या रस्त्याने दुसरी वरात आली. तो नवरदेव कोळसा खाणीकडील, त्याचा मांडव गावाच्या पलीकडे.

दोन वराती चौकात भिडल्या म्हणजे दोन बँडांचा सामना होतो, हा कदीम रिवाज. रामाजीने हरोलीस, म्हणजे अगदी आघाडीस, येऊन क्लॅरनेट उचलिले आणि असा मारा केला की समोरचे वऱ्हाड मागे सरले. मग समोरून एक हातगाडी पुढे आली. तिजवर कर्णा, कर्ण्याखाली बॅटरी, आणि मध्ये एक पोरसवदा इसम मांडीवर बेंजो घेऊन बसलेला, म्हणजे टाइपरायटरसारख्या खिट्ट्या आणि वर तारा. असले हत्यार आमच्या फौजेने कधी पाहिले नव्हते. त्याने एक खिट्टी दाबिली आणि तार छेडली. कर्ण्यातून जो नाद निघाला तो सरळ पोटात गेला.

रामाजीने क्लॅरनेट खाली घेतले. "थांबा रे," बोलिला. "आयका."

आणि शर्तीप्रमाणे बँड थांबला. सातही जण रांग मोडून हातगाडीजवळ जाऊन उभे राहिले. मग धोंडबा गेला. त्याचे पायच गेले, बाकीचा धोंडबा मागाहून गेला. मग नत्थूजी. मग आत्ते, मामे, मावसभाऊ, सारी जुनी मंगळवारी त्या परक्या वरातीत मिसळली. कोण कोणाच्या लग्नाचा, हे ओळखावयास मार्ग राहिला नाही.

चौकात एकटे मारोतराव, घोडी, आणि घोडीवाला.

मारोतरावांनी मांडवाच्या रस्त्याकडे पाहिले. तेथे शामलाबाई माळ घेऊन उभ्या होत्या हे त्यांस ठाऊक होते. मुहूर्त टळला तर काय होईल हेही ठाऊक होते. मग बेंजोवाल्याने द्रुत घेतली.

"घोडी वळव," मारोतराव बोलिले.

"नवरदेव, मांडव तिकडं हाय जी."

"मले माहीत हाय. वळव."

इकडे मांडवात भटजी घटिका पाहत होते. वरात चौकात आली ऐसी वर्दी येऊन बराच वेळ झाला, वरात येईना. बाया कुजबुजू लागल्या. कोणी म्हणाले नवरदेव पळाला. यमुताई अक्षतांचे ताट घेऊन दाराशी जात आणि परत येत. आणि तो नाद तेथेही येऊन पोचला. पाटावर उभ्या शामलाबाईंच्या नऊवारीखाली पाय हालला. मग दुसरा. उजवा, डावा, उजवा, डावा, जशा पावड्या. जवळच्या पोरी हसू लागल्या.

"आत्या," शामलाबाई बोलिल्या, "हा कोनता बँड हाय वं?"

"असन कोनताही. तू हालू नको."

"मी नाही हालून राहिली. पाय हालून राहिले."

आणि हातात माळ तशीच घेऊन नवरी मांडवाबाहेर पडली. मागे यमुताई ताट सांभाळीत, मागे भटजी अंतरपाट काखेत मारून, मागे सारे नवरीकडचे. नवरी वरातीस सामोरी जाते हे उमरेडाने त्या दिवशी प्रथम पाहिले.

चौकात येतात तो काय पाहतात? बाबाराव, ज्यांनी बँडापायी एवढा तंटा केला, ते टोपी खिशात घालून नाचत आहेत. रामाजी हातगाडीच्या चाकाशी उकिडवा बसोन तारांकडे पाहतो आहे. आणि मारोतराव घोडीवर, सेहरा मागे टाकून, डोळे मिटून, मान डोलवीत ऐकत आहेत. आपले लग्न आहे याची त्यांस खबर नाही.

शामलाबाईंनी घोडीचा लगाम धरिला. बेंजो बंद जाहला.

"काहून जी? मुहूर्त तिकडं अन् तुमी इकडं?"

मारोतरावांनी डोळे उघडले. खोटे बोलण्यास जागा होती, घोडी उधळली म्हणता आले असते. परंतु बोलिले, "आयकून राहिलो होतो."

"अन् मी तिथं माळ घेऊन उभी. लोकं म्हनत होते पळाला म्हनून."

"चुकलं माहं." मग जरा थांबून बोलिले, "पर तू बी तं मांडव सोडून आयकालेच आली ना?"

शामलाबाईंनी खाली आपल्या पायांकडे पाहिले, आणि पाय अजून पुरते थांबले नव्हते.

येथे यमुताईंनी कायद्याची अडचण काढिली. "पोरी, तुह्याच तोंडचं हाय. ज्या बँडानं पाय उठतीन त्या बँडाच्या नवरदेवाले माळ. अन् हा बेंजो तं त्याचा हाय!" म्हणोन समोरच्या घोडीकडे बोट केले.

दुसरा नवरदेव, खाणीकडील, घामाने भिजून गेला. "मावशी, मी दुसरीकडचा हावो!" ऐसे केविलवाणे बोलिला. "माही तिकडं वाट पाहून राहिली!"

शामलाबाईंनी त्याच्याकडे एकवार पाहिले. "तुमी आयकलं का जी, आता काय वाजलं ते?"

"मी? मी तं घड्याळ पाहून राहिलो होतो."

"बरं," शामलाबाई बोलिल्या. त्या मनुष्याचा निकाल लागला.

मग मारोतरावांकडे वळून दुसरे फर्मान काढिले, आणि पहिले फर्मान तेणेकरून रद्द समजावे. "उतरा खाली. माळ इथंच घेऊन टाका. मांडवात कर्णा बराबर आयकू येत नाही."

भटजी कुरकुरले की चौकात मुहूर्त लागत नाही. यमुताई बोलिल्या, मुहूर्त सूर्याचा असते महाराज, मांडवाचा नसते, अन् सूर्य इथूनच बरा दिसते. भटजींनी पाहिले तो सूर्य खरेच टेकत होता. धोंडबाने अंतरपाटाचे एक टोक धरिले, दुसरे बाबारावांनी, परंतु धोंडबाचे हात नाचाने थरथरत होते म्हणोन अंतरपाट सारखा लाटांसारखा हालत होता आणि वरून नवरा-नवरीस एकमेकांची डोकी दिसत होती. मंगलाष्टके जाहली. सावधान म्हणताच अक्षता पडल्या, आणि बेंजो व रामाजीचा बँड दोन्ही एकदम वाजले. तो नाद आजही उमरेडातील जुनी माणसे सांगतात. कोण कोणास साथ देत होते हे कळेना. सुरात होते की नव्हते, हेही लिहिणारास खात्रीने लिहिता येत नाही.

मग तह जाहला. खाणीकडील वऱ्हाड उशीर जाहला म्हणोन चिडले होते, परंतु बेंजोवाला हातगाडीवरून उतरेना, कारण रामाजी त्याच्याजवळून सुराची एक जागा शिकत होता. तेव्हा ठरले की दोघांचे शिकणे होईतो बेंजो येथेच राहावा आणि खाणीकडील नवरदेवास रामाजीच्या बाकी सहा जणांनी मांडवापर्यंत पोचवावे. पोचविले. आणि तिकडील मांडवात त्या सहांनी असे वाजविले की पंगत वाढलेली तशीच राहिली, ऐसी बातमी मागाहून आली. धोंडबास मात्र त्या दिवशी मारोतरावांनी पंगतीची मोकळीक दिली, स्वतःचे लग्न आहे या सबबीवर, आणि धोंडबा किती जेवला ते लिहिणे दोन्ही घराण्यांच्या अब्रूस बरे नव्हे.

सबब जाणिजे की वैशाखमासी, उमरेड मुक्कामी, राजश्री मारोतराव सायकलबहादर यांनी शामलाबाईंचे फर्मान मोडून पुरे केले, आणि बँड दोन जिंकिले, रामाजीचा व बेंजोचा. आपल्या पक्षाची हानी एक चप्पल व एक जाकीट, परंतु जाकीट आपले नव्हते.

पुढे शामलाबाईंनी जुन्या मंगळवारीत माग मांडिला, तो बाबारावांनी मोडिलेलाच काढून दुरुस्त केला, आणि सायकलीच्या दुकानाशेजारी रस्त्याकडील खिडकीस लाविला. बाहेरून वरात गेली आणि आत तार तुटल्याचा आवाज आला तर मारोतराव मान वर करीत नसत, पंक्चर काढीत राहत. परंतु खटखट एकाएकी बंद पडली तर समजत की आत पाय उठले. ट्यूब घमेल्यात सोडून, दुकानाची फळी ओढून, शामलाबाईंच्या दोन्ही चपला उंबऱ्यावर मांडून उभे राहत, तो शामलाबाई पदर खोचीत येत, आणि दोघे परक्या वरातीत बँडाच्या डाव्या अंगाने चालू लागत. गिऱ्हाईक ओरडे, माही सायकल!

आणि कोणी हात जोडून पुसिले की तुमी कोनाकडचे जी, नवरदेवाकडचे का नवरीकडचे, तर दोघे एकदम सांगत, "बँडाकडचे."